कळफलकामागचे मन

इ. स. १७८९ साली मद्रासच्या एग्मोर भागातील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाची देखरेख अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे आली. शहराजवळच्या एका देशी शाळेत मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली, आणि हीच रीत आपल्या आश्रमात सुरू करावी असे त्याच्या मनाने घेतले. आश्रमातले शिक्षक ही नवी पद्धत स्वीकारावयास राजी नव्हते. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्किन या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती सर्वांत खालचा वर्ग सोपवला. मोठ्यांना जे जमणार नाही असे वाटले, ते त्या मुलाने करून दाखवले. १७९७ साली बेलने या प्रयोगाची हकिगत लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केली, आणि मद्रासच्या वाळूतली ही रीत ‘मद्रास पद्धती’ या नावाने इंग्लंडच्या शाळांत जाऊन पोहोचली.

महाराष्ट्राला ही गोष्ट मुळीच नवी नव्हती. पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी आणि धुळाक्षरे हे शब्द मराठीत आजही जिवंत आहेत. मूल बोटाने अक्षराचे वळण गिरवीत असे आणि त्याच वेळी तोंडाने त्या अक्षराचा उच्चार करीत असे. अक्षर त्याच्या मनात शिरे ते असे दोन वाटांनी. एका वाटेने आकृती येई, दुसरीने ध्वनी. यांपैकी पहिले कोणते आणि दुसरे कोणते, हा प्रश्न धूळपाटीपुढे बसलेल्या मुलाला कधी पडला नाही. त्याच्या गुरूलाही पडला नाही, कारण दोन्ही गोष्टी एकदमच येत होत्या.

हा प्रश्न उपस्थित झाला तो यंत्र आले तेव्हा. यंत्राची कळ एका दाबात एकच गोष्ट करते. ती कळ आकृतीची असावी की ध्वनीची, हे यंत्र घडविणाऱ्याला आधी ठरवावे लागते. हे ठरविताना तो, त्याला जाणीव असो वा नसो, यंत्रापुढे बसणाऱ्या माणसाच्या मनात अक्षर कसे नांदते याविषयी एक अंदाज बांधीत असतो. तो अंदाज बरोबर असेल तर यंत्र सोपे वाटते. चुकला तर माणूस अडखळतो.

या अंदाजाला शास्त्रीय रूप मिळाले ते विसाव्या शतकात. केंब्रिजचा तरुण मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक याने १९४३ साली एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यातील मुख्य विचार असा, की माणूस आपल्या डोक्यात बाह्य जगाची एक छोटी प्रतिकृती बाळगतो. प्रत्यक्ष कृती करण्याआधी तो त्या प्रतिकृतीवर ती कृती करून पाहतो, आणि काय घडेल ते ताडून मग पाऊल टाकतो. क्रेक १९४५ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, सायकलच्या अपघातात दगावला. त्याचा विचार मात्र राहिला. १९८३ साली फिलिप जॉन्सन-लेअर्ड याने याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने यंत्रे वापरणाऱ्यांच्या मनातील अशा प्रतिकृतींची पाहणी मांडली. त्याचा निष्कर्ष फारसा गौरवाचा नव्हता. या प्रतिकृती अपुऱ्या असतात, त्यांचे काही भाग विसरले जातात, एका यंत्राची समजूत दुसऱ्या यंत्राच्या समजुतीत मिसळते आणि तीत थोडीशी अंधश्रद्धाही असते. तरीही माणूस वागतो तो याच प्रतिकृतीच्या आधाराने, यंत्राच्या खऱ्या रचनेच्या आधाराने नव्हे.

याचे एक उदाहरण चेन्नईच्या मे महिन्यात घरोघरी दिसते. उन्हातून आलेला माणूस खोली लवकर गार व्हावी म्हणून वातानुकूलन यंत्राचा आकडा चोविसावरून सोळावर आणतो. एकाच वेगाने चालणाऱ्या साध्या यंत्राची खोली गार करण्याची गती यामुळे यत्किंचितही वाढत नाही. सोळा हा आकडा केवळ थांबण्याची जागा सांगतो. परंतु त्या माणसाच्या मनात ते यंत्र पाण्याच्या नळासारखे असते. नळ जास्त फिरवला की पाणी जास्त येते. विलेट केम्प्टन याने १९८६ साली अमेरिकेतील घरे उबदार ठेवणाऱ्या यंत्रांविषयी लोकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा नेमकी हीच ‘नळाची’ समजूत त्याला आढळली. या मंडळींना विजेचे ज्ञान नव्हते असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्यांच्यापाशी एक प्रतिकृती होती, आणि यंत्राच्या आकड्याने त्या प्रतिकृतीला खोटे पाडणारे काहीच दाखवले नव्हते.

आता पुन्हा अक्षरांकडे वळता येईल. वाळूनंतर अक्षर प्रथम धातूत गेले, आणि तमिळ प्रदेशातील या इतिहासात मराठीचाही वाटा आहे. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०५ च्या सुमारास आपल्या राजधानीत देवनागरी छापखाना काढला आणि पुढच्याच वर्षी तेथून ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक बाहेर पडले. छापखान्यात अक्षराची आकृती हेच सर्वस्व असते. जुळारी खिळे उचलतो ते डोळ्यांनी ओळखून. प्रत्येक जोडाक्षराला, प्रत्येक वळणाला वेगळा खिळा लागला तरी चालतो, कारण खिळ्यांचे खण वाढविता येतात.

टंकलेखन यंत्रापाशी ही सोय संपली. ख्रिस्तोफर शोल्सचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली बाजारात आणले, तेव्हा ते सव्वीस सुट्या रोमन अक्षरांसाठी घडलेले होते. तमिळ वर्णमालेत बारा स्वर, अठरा व्यंजने, त्यांच्या मिलाफाने होणारी २१६ अक्षरे आणि ‘आय्दम्’ हे एक विशेष चिन्ह अशी एकूण २४७ अक्षरे मोजली जातात. पाऊणशतकभर कळांच्याही आत ही सारी मंडळी बसवावयाची होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जाफन्याचे आर. मुथय्या यांनी मलायात राहून तमिळ टंकलेखन यंत्राची रचना सिद्ध केली आणि ते यंत्र जर्मनीत तयार झाले. देवनागरीसाठी रेमिंग्टन कंपनीची कळरचना रूढ झाली. १९५५ साली गोदरेज कंपनीने मुंबईत भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले आणि पुढे ही यंत्रे भारतीय भाषांतूनही मिळू लागली.

या यंत्रांनी अक्षराला आकृती मानले. मानणे भागच होते, कारण कागदावर लोखंडी ठसा उमटवावयाचा होता. मराठीत ‘कि’ लिहिताना उच्चार आधी ‘क’ चा आणि मग ‘इ’ चा होतो. पण इकाराची खूण डावीकडे असल्याने टंकलेखकाला ती आधी ठोकावी लागे. ‘ग’ हे एक अक्षर नसून अर्धा ‘ग्’ आणि त्यापुढचा काना अशा दोन ठशांचे बनलेले होते. तमिळमध्ये तर ‘को’ या अक्षराची एक खूण व्यंजनाच्या डावीकडे आणि दुसरी उजवीकडे येते. कान एक ध्वनी ऐके, बोटे मात्र तीन तुकडे डावीकडून उजवीकडे रचीत. भाषा बोलणाऱ्याच्या मनातली अक्षरांची प्रतिकृती बाजूला ठेवून, चित्रकाराची प्रतिकृती त्याने नव्याने अंगी बाणवावयाची होती.

आणि लोकांनी ती बाणवली, हे विसरून चालणार नाही. मद्रासच्या मैलापूर, त्रिप्लिकेनपासून मुंबईच्या दादर, गिरगावपर्यंत टंकलेखनाचे वर्ग निघाले. शालान्त परीक्षा झालेली मुले-मुली सकाळ-संध्याकाळ तासभर तेथे कळा बडवीत. परीक्षेचे प्रमाणपत्र म्हणजे कचेरीतील नोकरीचे दार होते, आणि कित्येक घरांत ते प्रथम मुलीसाठी उघडले. आठ-दहा महिन्यांच्या सरावानंतर इकार आधी ठोकणे हे बोटांना इतके स्वाभाविक होई की त्यात काही उफराटे आहे हे सांगूनही पटू नये. यंत्राने मनाचा अंदाज घेतला नव्हता. उलट मनालाच आपल्या साच्यात घातले होते.

संगणक आला आणि ही सक्ती उठली. त्याच्या कळेचा ठशाशी काही संबंध नाही. कोणती कळ दाबली हे कळल्यावर पडद्यावर काय उमटवावे हे आज्ञावली ठरविते. म्हणजे डावीकडच्या खुणेची कळ नंतर दाबली तरी ती खूण डावीकडेच उमटू शकते. आता प्रथमच विचारता येऊ लागले, की लिहिणाऱ्याच्या मनात अक्षर ज्या क्रमाने येते त्याच क्रमाने कळा का असू नयेत?

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली या प्रश्नाचे एक उत्तर दिले. ‘इन्स्क्रिप्ट’ या नावाने ते ओळखले जाते. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भारतीय लिप्यांविषयी जे काम सुरू झाले होते, ते पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेत वाढले. मोहन तांबे यांचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. इन्स्क्रिप्टने आकृती सोडून वर्णमाला धरली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. ‘क’ आणि ‘ख’ एका कळेवर, तिच्या लगेच वरच्या कळेवर ‘ग’ आणि ‘घ’. एकदा देवनागरी शिकली की त्याच जागांवर बंगाली, गुजराती, तेलुगू, तमिळ अशा सर्व लिप्या. बहुतेक भारतीय लिप्यांचे मूळ एकच आहे, या ऐतिहासिक सत्याचे ते कळफलकावरील रूप होते.

परंतु ऐतिहासिक सत्य आणि माणसाच्या मनातील सत्य एकच असते असे नाही. मराठी मुलाने ‘क ख ग घ ङ’ हे पाठ केलेले असते, म्हणून ती जोडी त्याला ओळखीची वाटते. तमिळ मुलाच्या वर्णमालेत ‘क’ आहे आणि त्यापुढे एकदम ‘ङ’ आहे. ‘ख’, ‘ग’, ‘घ’ यांना तमिळमध्ये स्वतंत्र अक्षरेच नाहीत. एकच ‘क’ शब्दातील जागेप्रमाणे निरनिराळा उच्चारला जातो. त्यामुळे इन्स्क्रिप्टची चौकट तमिळवर ठेवली की पुष्कळ जागा रिकाम्या राहतात. दुसऱ्या कोणासाठी बांधलेल्या घरात राहावयास गेल्यावर भिंतीत कोनाडे दिसावेत आणि त्यांत ठेवण्यासारखे आपल्यापाशी काही नसावे, तशी ही अवस्था होय.

७ व ८ फेब्रुवारी १९९९ रोजी चेन्नईत भरलेल्या ‘तमिळनेट ९९’ या परिषदेत हा प्रश्न ऐरणीवर आला. अण्णा विद्यापीठाचे माजी कुलगुरू मु. अनंतकृष्णन यांचा या परिषदेत पुढाकार होता. भारताबरोबरच सिंगापूर, मलेशिया, श्रीलंका आणि पाश्चात्त्य देश यांत पसरलेल्या तमिळ भाषिकांनी तोवर आपापल्या सोयीने निरनिराळ्या कळरचना व सांकेतिक लिप्या निर्माण केल्या होत्या, आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत नव्हते. परिषदेनंतर जून १९९९ मध्ये तमिळनाडू शासनाच्या आदेशाने ‘तमिळ ९९’ ही कळरचना मान्य झाली.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. बारा स्वर, अठरा व्यंजने आणि आय्दम् अशा एकतीस कळांवर २४७ अक्षरे उभी राहतात. जी अक्षरे तमिळमध्ये पुन्हा पुन्हा येतात ती बोटे विसावतात त्या मधल्या ओळीत ठेवली आहेत. ‘अ’, ‘इ’, ‘उ’ डावीकडे आणि ‘क’, ‘प’, ‘म’, ‘त’ उजवीकडे. ऱ्हस्व ‘अ’ च्या नेमका वर दीर्घ ‘आ’, ‘इ’ च्या वर ‘ई’, ‘उ’ च्या वर ‘ऊ’. परंतु याहून सूक्ष्म गोष्ट पुढेच आहे. ‘अम्मा’ हा शब्द लिहावयाचा तर अ, म, म, आ अशा चारच कळा दाबावयाच्या. पहिल्या ‘म’ चा पाय मोडण्याची खूण यंत्र आपण होऊन देते, कारण तेच व्यंजन लागोपाठ दोनदा आले तर तमिळमध्ये ते बहुधा द्वित्त असते. ‘इंगे’ म्हणजे ‘येथे’. या शब्दासाठी इ, ङ, क, ए एवढ्या कळा पुरतात, कारण ‘ङ’ नंतर ‘क’ आला की ते जोडाक्षरच असावयाचे हे तमिळ बोलणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. जे माणसाला न सांगता कळते ते यंत्रालाही न सांगता कळावे, हे या रचनेमागचे तत्त्व होते. क्वचित तसे नको असेल तेव्हा मध्ये ‘अ’ ची कळ दाबून यंत्राला थांबविता येते.

तरीसुद्धा येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कोणते अक्षर किती वेळा येते याची मोजदाद म्हणजे भाषेची मोजदाद. ती ग्रंथ व वृत्तपत्रे पुढे घेऊन करता येते. माणसाच्या मनाची मोजदाद ही निराळी गोष्ट आहे. ती माणसे पुढे बसवूनच करावी लागते.

अशा मोजदादीचा एक जुना आणि सुंदर नमुना दूरध्वनीच्या इतिहासात आहे. चकती फिरवावयाच्या दूरध्वनीऐवजी कळांचा दूरध्वनी आणावयाचा होता. दहा कळांवर आकडे कसे मांडावेत? आकडेमोडीच्या यंत्रांवर त्या वेळी ७, ८, ९ वर आणि १, २, ३ खाली असत. १९५५ साली मेरी लुट्झ आणि अल्फॉन्स चॅपॅनिस या संशोधकांनी लोकांपुढे रिकाम्या कळांच्या आकृत्या ठेवल्या आणि विचारले, की तुमच्या अपेक्षेप्रमाणे कोणता आकडा कोठे असावा? बहुसंख्य लोकांनी आकडे भरले ते पुस्तकाचे पान वाचावे तसे, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. पुढे आर. एल. डाइनिंगर याने निरनिराळ्या मांडण्यांवर लोकांचा वेग व चुका मोजून १९६० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि १९६३ साली आलेल्या कळांच्या दूरध्वनीवर १, २, ३ वरच्या ओळीत बसले. आज कोणत्याही दुकानदाराच्या गल्ल्यावर गणकयंत्र आणि दूरध्वनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर हे दोन उलटे क्रम दिसतात. एक क्रम यंत्रनिर्मात्याच्या परंपरेतून आला; दुसऱ्यासाठी सामान्य माणसाला आधी विचारले गेले.

त्यानंतर या शास्त्राने अनेक साधने जमविली. एखाद्या विषयातील शब्द चिठ्ठ्यांवर लिहून लोकांना त्यांचे गठ्ठे करावयास सांगतात. कोणते शब्द एकत्र पडतात यावरून मनातील कप्पे कळतात. यंत्रापुढे बसलेल्याला मनात येईल ते मोठ्याने बोलावयास सांगतात. ‘आता ही कळ दाबली तर काय होईल?’ असे आधी विचारून मग ती दाबू देतात. भाकीत आणि परिणाम यांतील अंतर म्हणजेच समजुतीतील अंतर. एकाने शिकून दुसऱ्याला शिकवावे असेही करून पाहतात, कारण शिकविताना मनातील प्रतिकृती उघडी पडते. मद्रासच्या आश्रमात लहानग्या फ्रिस्किनला वर्गापुढे उभे करणाऱ्या बेलचा हेतू वेगळा होता, पण एक मूल दुसऱ्याला समजावते तेव्हा काय घडते हे त्याने जवळून पाहिले होते. नुसते ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारणे मात्र पुरे पडत नाही. माणूस विचारल्यावर उत्तर देतो, आणि पुष्कळदा ते त्या क्षणी रचलेले असते.

या सर्वांत मोलाचे साधन म्हणजे चूक. चुका दोन जातींच्या असतात. शेजारची कळ दाबली जाणे ही हाताची चूक. ती आज येथे, उद्या तेथे, कोठेही पडते. समजुतीची चूक मात्र पुन्हा पुन्हा त्याच जागी होते. टंकलेखन यंत्रावर वाढलेला कारकून इन्स्क्रिप्टवर बसला की ‘कि’ लिहिताना इकाराची कळ आधी दाबतो, आणि पडद्यावर ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला लटकलेला इकार व त्यापुढे एकटा ‘क’ उमटतो. त्या कारकुनाचे बोट चुकलेले नसते. ते वीस वर्षांच्या सवयीशी अत्यंत इमानी असते. ते ठिपक्यांचे वर्तुळ म्हणजे त्याच्या मनातील जुन्या यंत्राचे जणू छायाचित्रच होय.

अशाच एका साध्या प्रश्नाने मोठा वाद उभा राहतो. ‘स्त्री’ या शब्दात अक्षरे किती? मराठी शाळेतील मूल त्याला एकच जोडाक्षर म्हणेल. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ‘युनिकोड’ संकेतात मात्र त्याचे सहा घटक होतात. स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकार. म्हणून खोडण्याची कळ एकदा दाबली की बहुधा सबंध अक्षर न जाता केवळ वेलांटी जाते आणि ‘स्त्र’ उरते. लिहिणाऱ्याच्या मनात जी एक वस्तू आहे, तिला यंत्र सहा वस्तू मानते. तमिळनाडूत या प्रश्नाने शासकीय निर्णयाचे रूप घेतले. २०१० साली राज्य शासनाने युनिकोडबरोबरच ‘टेस-१६’ या संकेतालाही मान्यता दिली. या संकेतात व्यंजन व स्वर यांच्या मिलाफाने होणाऱ्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक आहे. ‘कि’ म्हणजे ‘क’ अधिक ‘इ’ की ‘कि’ हेच एक अक्षर, हा वाद व्याकरणातला वाटतो. प्रत्यक्षात तो कोणाच्या मनातील अक्षर प्रमाण मानावयाचे याचा वाद आहे.

मराठीपुरते बोलावयाचे तर या दिशेने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झालेले काम उल्लेखनीय आहे. तेथील औद्योगिक अभिकल्प केंद्रातील अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली ‘कीलेख’ ही कळरचना मांडली. वर्णमाला शाळेच्या तक्त्यात जशी ओळीने लावलेली असते तशीच कळफलकावर लावावी, म्हणजे ज्याने केवळ शाळेत अक्षरे शिकली त्यालाही कळ शोधता येईल, असा तिचा विचार होता. पुढे हातात मावणाऱ्या दूरध्वनीसाठी त्यांनी ‘स्वरचक्र’ तयार केले. पडद्यावरील ‘क’ ला बोट लावले की त्याच्याभोवती का, कि, की, कु असे चक्र उमलते. शाळेत पाठ केलेली बाराखडीच तेथे वर्तुळात मांडलेली असते. या मंडळींनी आपली रचना चांगली असल्याचे नुसते जाहीर केले नाही. नवख्या माणसांना अनेक बैठकांत लिहावयास बसवून, मिनिटाला किती अक्षरे होतात आणि चुका कोठे पडतात हे त्यांनी मोजले. पहिल्या दिवसाचा आकडा आणि काही दिवसांनंतरचा आकडा वेगळा असतो. मन शिकत असते, म्हणून ते एकदा मोजून भागत नाही.

आता मूळच्या अडचणीशी येऊन थांबावे लागते. मोजावयाचे तर कोणाचे मन मोजावे? टंकलेखनाच्या वर्गात महिने घालवून नोकरी मिळविलेल्या कारकुनाचे, की आज प्रथमच कळफलक पाहणाऱ्या मुलाचे? पहिल्याला आकृतीचा क्रम सोपा, दुसऱ्याला ध्वनीचा. बहुमत घेऊन हा प्रश्न सुटत नाही. जुन्या टंकलेखकाची कुशलता हे त्याचे भांडवल असते. नवी रचना सक्तीने लादली तर एका दिवसात तो नवशिका होतो. उलट जुनीच रचना चालू ठेवली तर पुढच्या प्रत्येक पिढीला लोखंडी ठशांचे ऋण फेडीत बसावे लागते, ते ठसे वितळून गेल्यानंतरही.

शिवाय मन स्थिर राहत नाही. मलेशियाचे मुत्तु नेडुमारन यांच्या ‘अंजल’ पद्धतीने तमिळ लोकांना रोमन कळांवरून तमिळ लिहिण्याची वाट दिली. आज चेन्नईत काय किंवा पुण्यात काय, पुष्कळ तरुण आपली भाषा रोमन अक्षरांच्या कळा दाबून लिहितात. त्यांना विचारले तर ‘क’ म्हणजे ‘के’ ची कळ हेच त्यांना स्वाभाविक वाटते. हा धूळपाटीचा संस्कार नव्हे. तो यंत्राचाच संस्कार आहे. तरीही त्यांच्या मनाची मोजदाद करू गेल्यास आकडे रोमनच्या बाजूने पडतील. मोजमापाने जे आहे ते कळते. जे आहे ते कसे झाले आणि तसेच राहावे काय, हे ठरविण्याची जबाबदारी मोजमाप आपल्या शिरावर घेत नाही. ती समाजाने घ्यावयाची असते.

चेन्नईत व्यवहाराने या पेचातून एक शहाणी वाट काढली. तेथील न्यू होरायझन मीडिया या प्रकाशनसंस्थेने तयार केलेल्या ‘एनएचएम रायटर’ या आज्ञावलीत ‘तमिळ ९९’, जुने टंकलेखन, रोमन आणि इन्स्क्रिप्ट या साऱ्या रचना एकत्र दिल्या आहेत. कळ कोणतीही दाबा, उमटणारे अक्षर तेच, साठवले जाणारेही तेच. पुण्याच्या सी-डॅकनेही आपल्या आज्ञावलींत इन्स्क्रिप्टबरोबर टंकलेखनाची रचना ठेवली. प्रमाण एक असावे, पण प्रमाणाकडे येण्याच्या वाटा अनेक असाव्यात, हे सूत्र लिपीच्या पलीकडेही उपयोगी पडणारे आहे.

कारण कळफलक हे या प्रश्नाचे एक उदाहरण झाले. बँकेच्या भिंतीतील पैसे देणारे यंत्र, रेल्वेच्या तिकिटाचे यंत्र, शेतकऱ्याच्या हातातील हवामानाचा पडदा, दवाखान्यातील नोंदणी, या प्रत्येकात कोणीतरी कोणाच्या तरी मनाविषयी केलेला अंदाज घट्ट बसवलेला आहे. तो अंदाज बहुधा शहरात, इंग्रजी शिकलेल्या आणि यंत्राला सरावलेल्या माणसाने केलेला असतो, आणि आपल्यासारखेच सारे असतील असे त्याने गृहीत धरलेले असते. चूक झाली की यंत्र काही बोलत नाही. बोलतो तो त्यापुढचा माणूस, आणि तो ‘हे यंत्र मला समजून न घेता बनवले’ असे म्हणत नाही. ‘मला काही हे जमत नाही’ असे म्हणून मागे सरतो. आपल्याच भाषेत आपले नाव लिहिता आले नाही म्हणून स्वतःला अडाणी समजणारी माणसे या देशात थोडी नाहीत. त्यांच्या चुका टिपून ठेवणे, त्या कोठे पुन्हा पुन्हा पडतात ते पाहणे आणि मग कळेची जागा बदलणे, यालाच येथे मनाचे मोजमाप म्हटले आहे. त्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने अल्प असतो. तो न केल्याची किंमत मात्र यंत्र बनविणारा देत नाही. यंत्रापुढे उभा असलेला माणूस देतो.